न गळणारा नळ

ती. ताईस,
दुरूनच नमस्कार.

मागच्या वर्षी तू म्हणाली होतीस, "माझ्याकडे मागच्या खोलीत राहायला ये. दोघंही एकटेच तर आहोत." मी ऐटीत म्हणालो, "मी एकांतप्रिय माणूस आहे." वर्गात 'आत्मज्ञान' या समासाचा विग्रह इतक्या वेळा केला, की ते मला झालेलंच आहे असा माझा समज होता. तू काही महिने वाट पाहिलीस आणि घर विकून लेकाकडे गेलीस. माझ्या एकांताचा मान राखून आता फोनही क्वचितच करतेस.

आज मी प्लंबरला बोलावलं. त्याने स्वयंपाकघरातला नळ उघडून बंद केला.

"सर, हा गळत नाहीये. मागच्या वेळीही गळत नव्हता."

"पुढे गळेल," मी म्हणालो. "चहा टाकू?"

"नको सर, दुसरीकडे जायचंय." तो पिशवी उचलून निघाला, तसा मी मागून म्हणालो, "अरे, बस तरी!"

ताई, ते तुझे शब्द होते. दर रविवारी मी चपला घालू लागलो की तू दारात हेच म्हणायचीस, आणि मला वाटायचं, हिला गप्पांची फार हौस. मी स्वतःला जरा ओळखलं असतं, तर तुलाही ओळखलं असतं.

हे पत्र टाकणार नाही. तिथे नात तुला हात धरून शेजारी बसवून घेते म्हणे. हे वाचलंस, तर लगेच उठून येशील.

तू बस, ताई.

तुझा,
एकांतप्रिय म्हणवणारा धाकटा भाऊ