पिसूमुक्त घर

३ सप्टेंबर, सकाळी
काल पोळा झाला. आज दोन्ही घोट्यांवर लाल पुरळ. रुखमा म्हणते, घरात पिसवा झाल्या. मी म्हणालो, उष्णता आहे, ताक दे. अख्खी नोकरी कृषी सहायक म्हणून काढलेल्या माणसाला कीड कोणती ते बायकोने सांगू नये. तिने ताक दिलं, पण हसत दिलं.

संध्याकाळी
झिपरी आणि सरपंच (आमची मांजर आणि तिचा घोडा झालेला पोरगा) अंगणात बसून सारखे अंग खाजवतात. त्यांनाही उष्णता झाली असावी.

७ सप्टेंबर
गणपती बसले. आरतीला शेजारचे नारायणराव सहकुटुंब हजर. टाळ्या कमी, पाय आपटणं जास्त. दुसऱ्या कडव्याला नारायणराव एका पायावर उभे राहून दुसरा खाजवत होते. मी म्हणालो, चिखलीत यंदा डास फार. ते म्हणाले, हाव, पण हे डास उडून नाही राह्यले, उड्या मारून राह्यले. प्रसाद न घेता गेले. माणूस पहिल्यापासून कुजकाच.

९ सप्टेंबर
भिंगातून पाहिलं. पिसवा. मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो.

दुपारी शेगावहून लेकीचा, पुष्पांजलीचा फोन. दसऱ्यापर्यंत तिला आठवा लागेल. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. पितृपक्षात लेकीला आणत नाहीत, म्हणून दसरा झाला की दुसऱ्या दिवशी आणायचं ठरलंय. रुखमाने दुपटी शिवायला घेतली, माळ्यावरचा पाळणाही काढून ठेवला. पण लेकीशी बोलता बोलता तिने पिसवांचंही सांगून टाकलं. तिच्या पोटात काही राहील तर शपथ.

लगेच विहीणबाईंचा फोन. जनकाबाई म्हणाल्या, तुमच्याकडे मांजरीच्या पिसवा झाल्या म्हणे. तसं असेल तर सुनेला इथंच राहू द्या, आम्ही करू सगळं. आवाज फार गोड होता. मी सांगितलं, दसऱ्याला घर पिसूमुक्त असेल, हा माझा शब्द. फोन ठेवल्यावर तांब्याभर पाणी प्यायलो. साखर वाढली असावी, तपासायला पाहिजे.

एकुलती एक पोर. तिचं पहिलं बाळंतपण सासरी झालं तर चिखलीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि ते जाऊ द्या. नातवंड पहिल्यांदा माझ्या हातात यावं असं मला वाटतं. हे कुणाला सांगितलेलं नाही.

१० सप्टेंबर
नियोजन. एकात्मिक कीड व्यवस्थापन. घाईघाईने फवारा मारत सुटायचं नाही, हे मी शेतकऱ्यांना जन्मभर सांगत आलो. आधी सर्वेक्षण, मग आर्थिक नुकसानीची पातळी. कीड पातळीच्या वर गेली तरच फवारणी. मावा, तुडतुडे, फुलकिडे, सगळ्यांची पातळी तोंडपाठ आहे. पिसूची विद्यापीठाने दिलेलीच नाही. मी स्वतः ठरवली: प्रति पायजमा दहा.

पांढरा पायजमा घालून सगळ्या खोल्यांतून शेतात चालतो तसा नागमोडी चाललो. पायजम्यावर काळे ठिपके बरेच आले, पण मोजायला वाकलो की उड्या मारतात. माव्यासारखा धीर या किडीला नाही. मोजणी पूर्ण न झाल्यामुळे पातळी ओलांडली असं म्हणता येत नाही. फवारणी तूर्त स्थगित.

१४ सप्टेंबर
घरभर पिवळे चिकट सापळे टांगले. संध्याकाळपर्यंत अडकलेले: डास, माश्या, रुखमाचा अंबाडा, सरपंचाची शेपटी. शेपटी गोडेतेल लावून सोडवली. सरपंचाने माझा हात ओरबाडला. रुखमाने ओरबाडलं नाही, पण तोंड सोडलं. पिसू एकही नाही. सापळे उत्तम आहेत, कीडच चुकीच्या उंचीवर उडते.

१९ सप्टेंबर
निंबोळी अर्क. स्वतः कुटला, भिजवला, गाळला, फवारला. घराला असा वास सुटला की रुखमाने स्वयंपाक अंगणात नेला. नारायणरावांनी खिडक्या लावून घेतल्या. अर्काने कीड मरत नाही, तिची भूक मंदावते. मंदावली असणारच. काल चावली ती जरा दमाने चावल्यासारखी वाटली.

२४ सप्टेंबर
रुखमा मला न विचारता दोन्ही मांजरं पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात निघाली. मग मीही गेलो, शास्त्रीय बाजू सांभाळायला. डॉक्टर प्राची, आमच्या पुष्पांजलीच्याच वयाची. म्हणाल्या, मानेवर टाकायचे थेंब मिळतात, दोघांनाही एकाच दिवशी टाका, दर महिन्याला. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, घर कानाकोपऱ्यातून रोज झाडा. अंडी न् कोष मांजराच्या अंगावर नसतात, घरात पडलेले असतात, ते संपायला दोन-तीन महिने जातील. गुरांच्या गोचिडाचं औषध नाहीतर पिकावरचं विष मात्र लावू नका, मांजर मरेल.

मी म्हणालो, मी पण कृषी खात्यातलाच. त्यांनी नुसती मान हलवली.

दोन-तीन महिने! दसरा तोंडावर आला. डॉक्टरीण बाई गुणी आहे, पण कीटकशास्त्र तिचा विषय नव्हे. थेंब घेतले नाहीत. घरी आल्याबरोबर रुखमाने माझा फवारणीचा पंप कपाटात कोंडला आणि किल्ली कमरेला खोचली. इतका अविश्वास!

२६ सप्टेंबर, चहाआधी
सुचलं! फरदड!

कापूस वेचून झाला की लोभापायी लोक त्याला पुन्हा पाणी देऊन उभा ठेवतात, ती फरदड. बोंडअळी तिच्यावर मजेत दिवस काढते न् पुढच्या हंगामाला हजर होते. गावोगाव ओट्यावर उभा राहून मी ओरडलो, फरदड उपटा, यजमान झाडच ठेवू नका, अळी उपाशी मरेल. आणि माझ्याच घरात दोन फरदडी दूध पिऊन राहिल्या आहेत. मांजर काढली की पिसू संपली. इतकी सोपी गोष्ट एवढे दिवस सुचली नाही, कारण वास.

२८ सप्टेंबर
रुखमाशी चर्चा. म्हणजे मी बोललो, तिने भांडी आपटली. म्हणाली, झिपरी पोरगी सासरी गेल्यापासून माह्या पायाशी झोपते, तिले काऊन काढता? पिसवा तुमच्याही आंगावर आहेत, मंग तुमालेही उपटू काय? विज्ञानापुढे भावना आली की असं होतं. शेवटी मी म्हणालो, पुष्पांजलीसाठी करतोय. तेव्हा तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. जिंकल्यासारखं वाटलं नाही, का कोण जाणे.

३० सप्टेंबर
मोहीम फत्ते. दोघांना बारदानात घालून जीपने अमडापूरला नेलं. तिथं रुखमाचा भाऊ हिंमतराव राहतो, त्याच्या शेतात सोडलं. सरपंच पूर्ण रस्ता असा ओरडला की जीपमधल्या बाया विचारत होत्या, लेकरू कोणाचं आहे. झिपरी गप्प होती. बारदान सोडलं तेव्हा सरपंच तुरीत पळाला, झिपरी मात्र माझ्याच पायाला अंग घासायला लागली. मी लगबगीने निघालो, जीप सुटेल म्हणून. जीप भरेपर्यंत तासभर उभीच होती.

घरी रुखमाने जेवायला वाढलं. स्वतःचं ताट घेऊन अंगणात गेली.

३ ऑक्टोबर
घट बसले. घरात यजमान नाही, म्हणजे कीड नाही. चावणं वाढल्यासारखं वाटतं, ती मरणाऱ्या किडीची शेवटची धडपड आहे.

८ ऑक्टोबर
शेवटची धडपड जरा लांबली. पायजमा मोज्यात खोचून झोपतो. रुखमा मात्र रोज अंथरुणं उकळत्या पाण्यात घालते, कोपरे खरडून खरडून झाडते. कंबर धरून बसते न् पुन्हा उठते. मी सांगितलं, आता कशाला, काम झालंय. तिने ऐकलं नाही.

संध्याकाळी जनकाबाईंचा फोन. मी छातीठोक सांगितलं, घर पिसूमुक्त. सांगताना डाव्या पायाने उजवा खाजवत होतो, पण ते फोनवर दिसत नाही. रुखमाला दिसलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाचलेलाच पेपर पुन्हा उघडला.

१३ ऑक्टोबर
पुष्पांजली आली. सोबत जावई राजकुमार आणि, न कळवता, जनकाबाई. मोतिया रंगाची साडी. सर्वेक्षणाला इतकं योग्य कापड मी स्वतः निवडलं नसतं.

पोरीच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय! रुखमाने भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळे बैठकीत बसले. चहा यायच्या आधीच पुष्पांजली पाय चोळायला लागली. म्हणाली, बाबा, हे काय चावून राह्यलं? जनकाबाईंनी निरीवरचा एक काळा ठिपका चिमटीत धरला, दोन नखांत चिरडला, आणि राजकुमारला म्हणाल्या, गाडी वळव.

मी म्हणालो, ही शेवटचीच असेल. राजकुमार गाडी काढायला उठला. पुष्पांजली म्हणाली, बाबा, तुमी तर म्हणत होते काहीच नाही राह्यलं. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. रुखमा गाडीच्या काचेला हात लावून उभी होती. चहा तसाच राहिला.

१४ ऑक्टोबर
हवामान ढगाळ. लिहिण्यासारखं काही नाही.

१६ ऑक्टोबर
डॉक्टर प्राचींकडे गेलो, सहज चर्चेला. फरदडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, काका, कोषातून नव्या पिसवा निघतच राहणार, आणि मांजर मिळालं नाही की माणसावर येणार. मांजरं होती तोवर त्यांच्यावर भागत होतं. आता घरातले यजमान तुम्हीच. म्हणाल्या, मांजरं परत आणा, थेंब टाका, मग त्यांच्या अंगावर चढेल ती पिसू मरेल. म्हणजे मांजर हाच सापळा. हे मीही म्हणालो असतो, कुणी विचारलं असतं तर. या वेळी थेंब घेतले.

१८ ऑक्टोबर
अमडापूर. हिंमतरावची बायको सोजराबाई ओट्यावर सोयाबीन पाखडत होती. मांजरं मागितली तर म्हणाली, नाही देत जा. पोत्याइले उंदरं लागले होते, या मायलेकाईनं साफ केले. पायजे असंन तर संगं आलेल्या पिसवा वापस घेऊन जा. सरपंच पोत्यावर बसून माझ्याकडे पाहत होता. ओळख दाखवली नाही. झिपरी आतून आली, मला पाहिलं आणि थांबली. जवळ नाही आली. थेंबांची पुडी सोजराबाईला दिली, कसे टाकायचे ते सांगितलं आणि परत आलो.

४ नोव्हेंबर
दिवाळी झाली. रुखमा शेगावला गेली. लेकीचं बाळंतपण करायला आईने लेकीच्या सासरी जाऊन राहायचं, असं आमच्या दोन्ही घरांत कधी झालं नव्हतं. जनकाबाईंना तिनेच फोन करून विचारलं. काय बोलली ते मी ऐकलं नाही, अंगणात गेलो होतो. दोन लुगडी उकळून, उन्हात वाळवून, नव्या पिशवीत भरली. मी म्हणालो, मीही येतो पोचवायला. ती म्हणाली, तुमी येऊ नका, आंगावर घेऊन यान. झाडू माझ्या हातात दिला आणि गेली.

१२ नोव्हेंबर
रोज झाडतो. पलंगाखाली, कपाटामागे, फरशीच्या फटीत. अंथरुणं उकळतो. हात भाजला. पायजम्यावर ठिपके कमी दिसतात. खरंच कमी दिसतात. पण आता माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?

२४ नोव्हेंबर
नात झाली! राजकुमारने व्हिडिओ कॉल लावला. नाक थेट माझ्यावर गेलंय. रुखमाने तिला दुपट्यात गुंडाळून धरलं होतं, फोनकडे पाहायला तिला फुरसत नव्हती. पेढे वाटले. नारायणरावांनी दारातून हात लांब करून घेतला.

५ डिसेंबर
बारसं. एकही पिसू सोबत जायला नको म्हणून नवे कपडे दुकानातून थेट नारायणरावांच्या घरी नेले, त्यांच्याच न्हाणीत आंघोळ केली, तिथंच घातले, आणि घरात पाय न ठेवता एसटी पकडली. नारायणरावांनी साबण नवा काढून दिला. माणूस तितका वाईट नाही.

जनकाबाई चांगल्या वागल्या. पाट दिला, चहा दिला, आधीचं काही काढलं नाही. घर बायकांनी भरलं होतं. पुष्पांजली जराशी वाळली आहे. म्हणाली, बाबा, घ्या न तिले, कवाची तुमची वाट पाहून राह्यली. रुखमाने बाळ पुढे केलं. मूठ आवळून झोपलेली, ओठ हलत होते. इतकी लहान असतात हे मी विसरलो होतो. मी दोन्ही हात पुढे केले.

तेवढ्यात गुडघ्यामागे काहीतरी वळवळलं. नव्या कापडाचा दोरा असेल. नसेलही. सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या आणि मी हात मागे घेतले. म्हणालो, मले सर्दी झाली आहे, पुढच्या वेळी घेतो. पुष्पांजलीचा चेहरा उतरला. रुखमाने एकदा माझ्या पायाकडे पाहिलं, मग बाळाला आपल्या खांद्याशी घेतलं आणि सगळ्यांना म्हणाली, हो, यायले लय सर्दी आहे दोन दिवसांपासून.

सर्दी झालेली नाही.