काळ्या काठाचं लॉकेट

१४ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझी तपासणी झाली का, गाठीबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते आधी लिही आणि मग मला काय रागवायचं ते रागव. काका फोनवर नुसतं बरं आहे, बरं आहे म्हणतात. त्यांचं बरं आहे मला चांगलंच माहीत आहे. पाय मोडला होता तेव्हाही तेच म्हणत होते.

आता माझी बातमी. जुनेवाल्याकडे आणखी एक लॉकेट मिळालं. जुनेवाला म्हणजे पुलाखाली जुन्या वस्तू विकतो तो म्हातारा; मी दिसले की तो पंखा माझ्याकडे वळवतो. लॉकेट अंगठ्याच्या नखाएवढं आहे. मागच्या बाजूला काच आणि काचेखाली तपकिरी केसांची वेणी, इतकी बारीक की आमच्या चष्म्याच्या दुकानातलं भिंग लावूनच पेड दिसले. कडेने काळं मीनाकाम.

काळा काठ कशाला, असं तू मागे विचारलं होतंस, म्हणून सांगते. पूर्वी काही लोकांत माणूस गेलं की त्याचे थोडे केस कापून ठेवत आणि अशा लॉकेटात घालून गळ्यात वागवत. काठ काळा असला की समजायचं, केसांचा धनी गेलेला आहे. काठ नुसताच सोन्याचा असला तर बहुतेक केस जिवंत माणसाचे, प्रेमाने दिलेले. बारीक मोती जडवले असतील तर ते अश्रू. एवढं कळलं की लॉकेट हातात घेतल्याबरोबर त्या घरात काय झालं असेल ते वाचता येतं. मला तर आता सवयच लागली आहे.

ते मी काल दुकानात घालून गेले. एका बाईंच्या नाकावर चष्मा बसवत होते, तर त्यांनी विचारलं, हे काय गं छान. मी सगळं सांगितलं. बाईंनी मान अशी मागे घेतली की चष्मा माझ्याच हातात राहिला. मालक म्हणाले, तुमची ही मढी ड्रेसच्या आत घालत चला. तू हसशील म्हणून लिहिलं.

उत्तर लगेच पाठव. तुझा लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नकोस, मी आधीच लाडावलेली आहे.

तुझी,
बटण

*

२३ जून

चि. बटणास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हसले आणि मग कपाळावर हात मारून घेतला. लहानपणी माझ्या मशीनखाली बसून बटणं गिळायचीस, आता परक्यांची मेलेली माणसं गळ्यात बांधून हिंडतेस. कुणाचे कोण, ना ओळख ना पाळख. रात्री काढून तरी ठेवतेस ना? तुझ्या काकांना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, निदान ही माणसं उलट उत्तरं तरी देत नाहीत.

आता माझं. गाठ काढली, टाके सुकले. काढलेली गाठ तपासायला पाठवली होती, तिचा निकाल चांगला नाही आला. डॉक्टरीण बाई समजूतदार आहेत. त्या म्हणाल्या, शिरेतून औषध घ्यावं लागेल, बऱ्याच खेपा होतील, मग बघू. मी विचारलं, मग बघू म्हणजे काय. त्या खरं बोलल्या. म्हणाल्या, औषध घेतलंत तर बरीच आशा आहे, नाही घेतलंत तर फार नाही. पहिली खेप पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ठरली आहे.

त्या औषधाने केस जातात म्हणे. तुला हसू येईल, पण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. एवढं वय झालं तरी वेणी कमरेखाली आहे आणि गिऱ्हाइकं मापं द्यायला आली की अजून हात लावून बघतात. जायचं की नाही अजून ठरवलं नाही. भीती वाटते गं. घरात कुणाला सांगणार, तुझे काका तर माझ्याहून घाबरलेत आणि दिवसभर नळ दुरुस्त करत बसतात. आमच्याकडचा एकही नळ आता गळत नाही.

तू जेवणाकडे लक्ष दे. इथली काळजी करू नकोस असं लिहायची पद्धत आहे, पण थोडी कर.

तुझी,
मावशी

*

२७ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. तू औषध घ्यायचंस. यात विचार करण्यासारखं काही नाही. केस काय, परत येतील.

आणि केसांचं मी ठरवलं आहे. ते उशीवर गळून पडेपर्यंत वाट बघू नकोस. आधीच वेणी कापून घे आणि त्यातले थोडे मला पाठव. सोबतच्या पार्सलात एक लॉकेट आहे. माझ्याकडचं सगळ्यात देखणं. मागची काच मोठी आहे आणि आत काहीच नाही. अशी रिकामी सहसा मिळत नाहीत. बिजागरी मी दुकानातल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने नीट केली. तुझ्या केसांना तीच काच शोभेल. वेणी कशी घालून बसवायची ते मी शिकून घेते आहे, गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर रेशमाच्या धाग्यांवर हात बसवते.

आई गेली तेव्हा मी लहान होते. तिची फणीसुद्धा घरात उरली नव्हती. तूच सगळं बांधून देऊन टाकलंस. तेव्हा का दिलंस, असं मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण या वेळी तरी माझ्याकडे काहीतरी असू दे.

सोमवारी दवाखान्यातून आलीस की दोन ओळी लिही. बाकी तुझ्यावर माझा जीव आहे हे काही नवीन नाही.

तुझी,
बटण

*

९ जुलै

चि. बटणास,
अ. आ.

मी पत्रं लिहिणारा माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. पण फोनवर बोलायला गेलो तर ती ऐकेल, म्हणून लिहितो.

सोमवारी ती गेली नाही.

तुझं पार्सल आलं तेव्हा ती एका गिऱ्हाइकाचा कोट उसवत होती. लॉकेट बघून आधी खूश झाली. उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. मग मला बोलावून विचारलं, याचा काठ कोणत्या रंगाचा आहे. मी मूर्खासारखा काळा म्हणालो. तुझं आधीचं पत्र मला तिनेच वाचून दाखवलं होतं, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तिने लॉकेट बटणांच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. एवढंच म्हणाली की पोरीने माझं माप घेऊन टाकलं.

मी समजावलं की पोर उत्साहात चुकली. त्यावर ती म्हणते, बटण या बाबतीत जाणकार आहे, तिने उगाच काळा नाही निवडला, तिला दिसलं असेल. रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली.

तेव्हापासून लोकांचे राहिलेले कपडे शिवून पोचते करते आहे. नवीन काम घेत नाही. तुला इकडे बोलवू का विचारलं, तर म्हणाली, आली तर दार उघडणार नाही. डॉक्टरीण बाईंचा दोनदा फोन आला. उशीर चांगला नाही, असं त्या म्हणतात.

काय लिहायचं ते तू लिही. माझं चालत नाही.

तुझा,
काका

*

१२ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र न वाचता डब्यात टाकू नकोस. एवढं वाच आणि मग माझं तोंड बघू नकोस.

आधी मी लिहिलं होतं की काठाकडे माझं लक्षच नव्हतं, काच मोठी म्हणून ते निवडलं. ते पत्र फाडलं. मी रोज लॉकेटं हाताळणारी बाई, माझं लक्ष नव्हतं असं कसं होईल. खरं असं आहे की तुझं पत्र आल्यावर मी घाबरले. आईच्या वेळी मी बेसावध होते. सकाळी शाळेत गेले आणि आल्यावर आई नव्हती. या वेळी तयारीत राहायचं असं मनाने ठरवलं असणार. आणि तयारी करता करता मी तुला गेलेलीच धरलं. मला काही दिसलं नव्हतं मावशी. मला फक्त भीती वाटली होती, तुझ्यासारखीच.

मी जाणकार आहे असं तू म्हणालीस ना, मग जाणकार म्हणून सांगते ते ऐक. काल घरातली सगळी लॉकेटं काढून चादरीवर मांडली. केस अगदी जसेच्या तसे आहेत. चमकसुद्धा गेलेली नाही. पण त्यातलं एकही माणूस मला माहीत नाही. ते बोलायचं कसं, चिडायचं कशावर, चहात साखर किती घ्यायचं, काही नाही. घरात काय झालं ते वाचता येतं अशी बढाई मी मारली होती; मला फक्त कुणीतरी गेलं एवढंच वाचता येतं. आणि त्यांची आठवण म्हणून ज्यांनी ती गळ्यात घातली, तेही गेले, आणि आता जुनेवाला ती पितळी चमच्यांशेजारी ठेवून विकतो.

मला तुझे केस नकोत. मला तू पाहिजेस.

आणि आईचं म्हणशील तर तिची फणी असती तरी मला काय कळलं असतं? ती कशी होती हे सांगणारी आता तू एकटीच आहेस. काकांनी तिला एकदोनदाच पाहिलेलं. तू मला तिच्याबद्दल कधी काही बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. आता विचारते. ती हसायची कशी?

लोभ ठेव असं लिहायला आज तोंड नाही. राग ठेव, पण राहा.

तुझी,
बटण

*

२५ जुलै

चि. बटणास,
अ. उ. आ.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे, हाताला सुई टोचून टोचून काळंनिळं झालं आहे. पहिली खेप घेऊन आले. नर्सला शीर सापडेना. मी म्हटलं, बाई, माझ्या मशीनची सुई याहून सरळ जाते. घरी आल्यावर जे पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. आता जरा उठून बसते. पुढचं काय ते डॉक्टरीण बाईही छातीठोकपणे सांगत नाहीत, मी कशी सांगू?

तुझ्यावर मी फार रागावले होते. अजून थोडी आहे. तुझं पत्र वाचून रडले, आणि मग चिडले, की माझ्या माघारी ही पोर आईचं कुणाला विचारणार. म्हणून गेले. हे तुझ्या काकांना सांगू नकोस, त्यांना वाटतं त्यांनी समजावलं.

केस जाण्याआधीच वेणी कापून टाकली. तुझ्या काकांच्या हातात माझी कात्री दिली, आजवर कधी हात लावू दिला नव्हता. वाकडी कापली. मी तिचं गंगावन करून ठेवलं आहे. माझे केस आहेत, मीच वापरीन. तुला एकही मिळणार नाही.

तुझ्या आईची फणी मी टाकली, खरं आहे. तू ती हुंगत बसायचीस आणि घास तोंडात घ्यायची नाहीस. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा टाकीन. आता तू विचारलंस ते सांगते. ती हसायला लागली की तिचा आवाजच यायचा नाही. नुसते खांदे हलायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. शाळेत बाईंना वाटलं रडते आहे, म्हणून त्यांनी तिला एकदा घरी पाठवून दिलं होतं. तूही अगदी तशीच हसतेस. लहानपणी तू हसायला लागलीस की मी उठून स्वयंपाकघरात जायचे, ते का, हे तुला आता कळेल. आणखी पुष्कळ आहे. ते पत्रात लिहिणार नाही, समोर बसून ऐकायचं.

लॉकेट परत पाठवते. काच स्पिरिटने पुसली आहे. ते तू रोज घालायचंस आणि रिकामंच घालायचंस. आत काही ठेवावंसं वाटलं तर आधी मला विचारायचं.

जेव वेळेवर. माझा आशीर्वाद नेहमीचाच, फक्त या वेळी जरा दमलेला.

तुझी,
मावशी

*

२ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शनिवारी येते. रजा मिळाली आहे. दुसरी खेप माझ्यासमोर होईल. दार उघड.

लॉकेट मिळालं त्या दिवसापासून गळ्यात आहे, ड्रेसच्या वरून. चष्मे पुसायच्या फडक्याने रोज सकाळी काच पुसते आणि उजेडात धरून बघते. आज दुकानात त्याच मागच्या बाई आल्या होत्या, चष्मा सैल झाला म्हणून. लॉकेटाकडे लांबूनच बघत त्यांनी विचारलं, यात कोण आहे. मी म्हटलं, कुणी नाही, आमच्या मावशीची परवानगी नाही.

एवढं बोलले आणि पुढे काही बोलताच येईना. बाईंचा चष्मा हातात, आणि माझे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी. मालकांना वाटलं मी रडते आहे. त्यांनी मला घरी पाठवून दिलं.

म्हणून हे पत्र भरदुपारी लिहिते आहे. त्या वेळी मी नक्की काय करत होते ते मलाही सांगता येत नाही. तू बघून सांग, तुलाच ओळखता येईल.

तुझी,
बटण