चप्पल घालून सडा

प्रिय आईला भांडगावच्या हॉटेलातून नीलमचा वाकून नमस्कार.

मी बरी हाय. मुक्कामी पाव्हण्यांच्या इलेक्ट्रिक गाड्या आता आमच्या अंगणातच चार्ज करून देत्यात. शेठनी त्यासाठी विहिरीच्या मोटारीची जुनी वायर आणलीया, जागोजागी चिकटपट्टी लावलेली.

काल सकाळी सडा घालताना पाणी त्या वायरीवर गेलं आन् पायाला झिणझिण्या आल्या. बादली टाकून पळाले. शेठ हसले, "एवढ्यानं काय व्हतंय!"

पर तू काळजी करू नगं. सडा अनवाणी घालायचा असतो, तूच शिकवलंस. आज मी रबरी चपला घालून घातला. लक्ष्मीपुढं माझ्यासाठी हात जोड.

आबांचा खोकला थांबला का? आन् धाकट्या शितलला इथं कामाला धाडू नगंस. तिच्या पायात चप्पल टिकत न्हाई.

तुझीच,
नीलम