विरघळणारा स्क्रू

प्रिय रत्नप्रभा,

मी, चंद्रप्रकाश भिकाजी परब, बी. कॉम., एका यंत्र कारखान्यातील खरेदी अधिकारी आणि तुझा बाप, हे पत्र येत्या गुरुवारच्या तपासणीसंबंधी लिहीत आहे. मुलीला लिहितानाही मी कचेरीसारखी सुरुवात करतो याचे तुला हसू येईल. जबडा दुखणार नसेल तर जरूर हस.

तुझ्या कानाजवळचा जबड्याचा सांधा मोडला तेव्हा मला सुचले ते माझेच काम. हाड कोणत्या स्क्रूने जोडणार, याची मी चौकशी सुरू केली. पोलादी स्क्रू मजबूत आणि सहज मिळणारा. पण हाड जुळल्यावर तो काढण्याची वेळ येऊ शकते, म्हणजे पुन्हा चिरफाड. टायटॅनियमचा बाहेरून मागवावा लागतो, मात्र तो गंजत नाही आणि जन्मभर आत राहिला तरी चालतो. तिसरा प्रकार परदेशात अजून प्रयोगात आहे. तो काही काळाने शरीरातच विरघळून जातो. या तिसऱ्याबद्दल मी इतके प्रश्न विचारले की डॉक्टर कंटाळले. "काका, तो इथे मिळत नाही. आणि मिळाला तरी या सांध्यात मी घालणार नाही. प्रत्येक घासाचा भार तिथे येतो." तरीही माझे मन त्याच्यावरच होते.

अखेर टायटॅनियम ठरले. ते का योग्य, हे मी तुझ्या आईला सविस्तर समजावले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "स्क्रूची चवकशी झाली मां? आता पोरीची करा." मी चष्मा पुसत राहिलो.

पोरीची चौकशी डॉक्टरांनी केली होती, पहिल्याच दिवशी. हे कसे झाले, असे त्यांनी तुला विचारले. तुझे तोंड सुजलेले, पण लिहून सांगायला दिलेल्या पाटीकडे तू हात नेला होतास. मी म्हणालो, "न्हाणीघरात पाय घसरला." जावई बाहेर बाकावर बसले होते, त्यांनी आम्हाला हेच सांगितले होते. डॉक्टर म्हणाले, "मी तिला विचारलं, काका." मी तेच वाक्य पुन्हा म्हटले. तू पाटी पालथी ठेवलीस. मग मला दाराशी नेऊन ते हळू आवाजात म्हणाले की असे तोंडावर पडले की हनुवटी फुटते. हिच्या हनुवटीला ओरखडासुद्धा नाही. मी त्यांना विचारले, टायटॅनियम किती दिवसांत येईल.

आणि त्यानंतर धोंड्याचा महिना. मुलगी-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण, रीत मोडू नये, म्हणून मी जावयांना जेवायला बोलावले. ताम्हनात अनारसे, वर दिवा, नवे धोतर. मी वाकून ते त्यांच्या हाती दिले. तुझे दात तारेने बांधलेले होते. शेजारच्या पाटावर बसून तू नळीने पेज ओढत होतीस. अनारसे खुसखुशीत झाल्याचे जावई म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलेस. तक्रारीने पाहिले असतेस तर मला सोसले असते. तू फक्त, मी पाहतो आहे का, एवढेच पाहत होतीस. मी आग्रहाने त्यांना आणखी एक वाढला. संध्याकाळी तू त्यांच्यामागून जिना उतरून दहिसरला सासरी गेलीस, आणि मी वरून, सांभाळून या, असे म्हणालो ते त्यांना.

तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरते बोलते. रत्ना, मला तो विरघळणारा स्क्रू का हवा होता ते आता कळते. काही काळाने आत काहीच उरले नसते, आणि कुणी काही विचारले नसते.

तारा परवाच काढल्या, असे आई सांगते. म्हणजे तुला आता बोलता येईल. गुरुवारी डॉक्टर पुन्हा विचारतील. मी त्यांना फोन करून तसे सांगून ठेवले आहे, आणि माझे आधीचे उत्तर खोटे होते हेही. मी आत येणार नाही. जावई आले तर त्यांच्यासोबत बाहेरच्या बाकावर बसेन आणि त्यांना उठू देणार नाही. तू बोल, किंवा नको बोलूस. पण तिथून दहिसरला जाऊ नकोस. हे पत्र आई स्वतः तुझ्या हातात देईल. वाचून तिच्याकडेच परत दे. माझ्याबरोबर मुलुंडला यायचे नसेल, तर तिच्याबरोबर ये; मी मागून येईन.

तुझाच,
बाबा
(चंद्रप्रकाश भिकाजी परब)

मुलुंड (पूर्व), मुंबई
२० जून १९८८