सुमनचे पाढे

सेक्टर २, भिलाई. मंगळवार, डिसेंबर १९६०

सुमन सोळा वर्षांची आणि कडेवर सहा महिन्यांचं पोर. त्याला घेऊनच वर्गात ये, असं मीच तिला सांगितलं. पण ही अभ्यास करते तरी कधी? तिच्याइतके पाढे वर्गात कुणालाच येत नाहीत.

आज विचारलंच.

"बाई, मले अंगाई येत नाही. माय लवकर गेली ना. मंग पोराले झोपवताना पाढेच म्हणते."

अंगाईऐवजी पाढे. हे कुठल्या पुस्तकात असेल?

तेवढ्यात तिची सासू आली, शाळेतून तिचं नाव काढायलाच. "लेकुरवाळीले शिकून काय करायचं हाय?"

त्या आवाजानं बाळ रडायला लागलं. मी त्याला मांडीवर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण पोरींनी हळू आवाजात बाराचा पाढा धरला आणि बाळ निवलं. सासू दारातच टेकली.

निघताना मात्र मला म्हणाली, "विसाच्या पुढं पाढे असतेत का, बाई?"

"तिसापर्यंत असतात."

"मंग तेही शिकवा हिले. आता हा विसात झोपत नाही."

म्हणजे घरी भिंतीपलीकडून सासूही रोज ऐकत असते तर.