टीव्ही बंदद री

हळ्ळीखेड (बी)

प्रिय रत्नपालदादा,

आधी माझी चूक दुरुस्त करते. हुमनाबादच्या दुकानदाराने टीव्ही कायमचा बंद झाल्याचं कळवलं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तो तसं म्हणालाच नव्हता. फोनवर तो कन्नडात म्हणाला, "टीव्ही बंदद री," म्हणजे टीव्ही दुरुस्त होऊन आलाय, घेऊन जा. मी त्यातलं 'बंद' तेवढंच ऐकलं. लहानपणापासून दोन्ही भाषा कानावर असून ही गत! मन आधीच धास्तावलेलं, त्याला मराठीच ऐकू आलं. टीव्ही तिकडे दुकानात पडून, आणि इकडे आई भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्यांकडे बघत बसलेली.

पण एवढ्यात आनंद मानू नकोस. घरी आणल्यावर थोडे दिवस चालला आणि पुन्हा तेच. आवाज येतो, चित्र नाही. शेजारची राजूबाई दारातूनच आईला म्हणाली, "विमल, टीव्ही गेला म्हनायलीस कामून? रेडू झालाय की!" टीव्हीचा रेडिओ झाला, या थट्टेवरही आई हसली नाही. पूर्वी राजूबाई आणि गल्लीतल्या दोघी-तिघी रोज संध्याकाळी मालिका बघायला यायच्या, मालिकेतल्या सासूवरून आईशी भांडून जायच्या. आता कुणी येत नाही.

मला संताप कशाचा येतो सांगू? अप्पा होते तेव्हा त्यांनी आणलेला तो डबा टीव्ही माझ्या पहिलीपासून बारावीपर्यंत चालला. अडला तर एक थापट पुरायची. आणि हा कागदासारखा पातळ, चौथ्या वर्षी आंधळा. कंपनीला फोन लावला, तर आधी इंग्रजी बाई, मग हिंदी बाई, मग गाणं. शेवटी एक माणूस बोलला, तोही एवढंच की तुमच्या गावाला आमची सर्व्हिस नाही. हुमनाबादचा दुकानदार म्हणतो, पडद्यामागचे दिवे जळतात. आपल्याकडे वीज सारखी कमी-जास्त होते, आणि दुकानातून आणताना पडद्याचा उजेड जेवढा लख्ख होता तेवढाच आपण ठेवला. हे विकताना कुणी सांगितलं नाही.

म्हणून हात जोडते, तू ऑनलाइन मागवलेला तो भिंतभर टीव्ही नको. बिघडला तर पुण्याहून तू येणार आहेस का? लहानच घेऊ. ज्याचे दिवे हुमनाबादला मिळतात, ज्याच्या पडद्याची हमी लेखी आहे, आणि रिमोटचं एक बटण दाबलं की ज्यावर आईचा चॅनल लागतो, असा. सोबत स्टॅबिलायझर हवाच. तू म्हणशील, "शिवे, तू हायस की घरी, काय झालं तर बघशील."

तेच तर, दादा. मी नसणार. फोनवर हे सांगता येत नाही, आई शेजारीच बसलेली असते. मला रायचूरला नर्सची नोकरी लागली आहे आणि आईला अजून त्याचा पत्ता नाही. ती "जा" म्हणेल, लगेच म्हणेल, आणि मग या घरात संध्याकाळी एकटी बसेल. बायका आल्या पाहिजेत, त्यांना यायला काहीतरी निमित्त लागतं. अंधारा पडदा मागे ठेवून माझा पाय उंबऱ्याबाहेर पडणार नाही. तुझी ती ऑर्डर आजच रद्द कर. मी इथून टीव्ही आणते, लावते, चित्र दिसलं की त्याच बैठकीत आईला सांगते. गुरुवारी, अठरा सप्टेंबरला.

तुझीच, आणि अजून तरी घरीच असलेली,
शिवकन्या