व्हीआयपी गेटसमोरचं दुकान

३ जानेवारी
नवी डायरी सुरू. दूरदृष्टी असलेल्या माणसाने आपले विचार लिहून ठेवावेत. बोलून दाखवले की घरचे हसतात.

बातमी पक्की आहे. दुकानासमोरच्या मैदानावर स्टेडियम होणार. नशीब आपण होऊन रस्ता ओलांडून आलंय.

दुकान खेळाच्या सामानाचं. कॅनव्हासचे बूट, बॅटी, फुटबॉल, रॅकेटचं गटिंग, म्हणजे जाळी विणून देणं. सासऱ्यांनी सुरू केलं. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून ते हिच्याकडे आलं आणि हिच्याबरोबर माझ्याकडे. गटिंग, खरेदी, विक्री आणि हिशेब ही बघते. बाकी सगळं मी. बाकी म्हणजे मुख्यतः धोरण.

४ जानेवारी
नगरपालिकेचा स्टेडियम अहवाल मिळवला. पहिली तीन पानं वाचली. पुढे तक्ते आहेत. गाभा एवढाच की स्टेडियममध्ये खर्च झालेला पैसा शहरात फिरत फिरत अडीचपट होतो. याला गुणक म्हणतात.

मुलगी कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. ती म्हणाली की मॅचला जाणारा माणूस तेच पैसे एरवी सिनेमाला नाहीतर हॉटेलात घालवणार होता. नवा पैसा येत नाही, फक्त खिसा बदलतो. शिवाय टीम बाहेरची, कंपनी बाहेरची, मग बराचसा शहरातून निघूनच जातो. आणि बांधकामाचा खर्च मात्र आपल्या करातून.

मी विचारलं, तू आजवर किती स्टेडियम बांधलीस? ती पुस्तक उचलून आत गेली. वाद जिंकलो.

१९ जानेवारी
हिलाही शंका. मैदान गेल्यावर मुलं खेळणार कुठे, असं विचारत होती. मी समजावलं की खेळ तर स्टेडियममध्येच होणार, आणि हजारो लोक येणार.

ही म्हणाली, "बावीस जण खेळणार, बाकीचे बसणार. बसणाऱ्याचे बूट झिजत नाहीत हो."

हिच्या विचारांना उंची नाही. त्यात हिचा दोष नाही. दिवसभर मान खाली घालून गटिंग केलं की माणूस जवळचंच बघतो.

८ फेब्रुवारी
गल्लीतल्या व्यापारी मंडळाचा अध्यक्ष झालो. मंडळ मीच स्थापन केलं. निवड बिनविरोध. टेलरमास्तर उपाध्यक्ष. किराणावाला सभासद. सायकलवाला म्हणाला, विचार करून सांगतो. असे लोक मागे राहतात.

संकल्प: अध्यक्षाला शोभेल असं कमी बोलायचं.

२ मार्च
ऐतिहासिक दिवस. नगरपालिकेत सुनावणी. सगळा प्लॅन भिंतीवर लावला होता. बघतो तर काय, आमच्या गल्लीसमोर सर्वसाधारण प्रेक्षकांचं गेट आणि मागच्या गल्लीला व्हीआयपी गेट!

उठलोच. म्हणालो, सर्वसाधारण प्रेक्षक म्हणजे धक्काबुक्की, कचरा, घरून आणलेली पाण्याची बाटली. तो खरेदी काय करणार? एक शिट्टी. व्हीआयपी एकदा दुकानात शिरला की वर्षाची बेगमी. आमच्या गल्लीवर हा अन्याय का? बराच वेळ बोललो. टेलरमास्तर म्हणाले की जरा जास्तच वेळ, पण त्यांना सभेची सवय नाही.

वॉर्डातले नगरसेवक साहेब अध्यक्षस्थानी होते. त्यांनी जागच्या जागी गेट बदलून दिलं. इतक्या पटकन, की मलाच थोडं आश्चर्य वाटलं. माझी मुद्देसूद मांडणी, दुसरं काय.

बाहेर आल्यावर मागच्या गल्लीतल्या छत्रीवाल्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि मनापासून आभार मानले. पराभव असा पचवावा. मोठ्या मनाचा माणूस.

१५ मार्च
मैदानाभोवती पत्रे ठोकले. सकाळी पळणारी मंडळी पत्र्यांसमोर थोडा वेळ उभी राहिली आणि घरी गेली. मुलं बॉल मागायला आली नाहीत.

आज विक्री नाही. हे संक्रमण आहे.

१० एप्रिल
दुकानाचा कायापालट. व्हीआयपी माणूस कॅनव्हास घालत नाही. चामड्याचे बूट मागवले, काळे आणि तपकिरी. काचेची शोकेस. एसी. बसायला सोफा. पैसे सासऱ्यांनी हिच्या नावावर ठेवलेले. बँकेत सही करताना ही काही बोलली नाही. संमती समजलो.

कॅनव्हासचे बूट आणि फुटबॉल भंगाराच्या भावात काढणार होतो. हिने ते सगळे बॉक्स घरी नेऊन पलंगाखाली रचले. आता पलंगावर चढताना पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न आहे. गटिंगचं मशीन तरी माळ्यावर टाकू म्हटलं. ही म्हणाली, "मशीनला हात लावायचा नाही." लावला नाही. बायकांच्या भावना जपाव्या लागतात.

२२ जून
धूळ. शोकेसमधले काळे बूट तपकिरी झालेत, तपकिरी कुठल्या रंगाचे झालेत ते सांगता येत नाही. रोज पुसतो. ही म्हणते, निदान तुम्हाला काम मिळालं.

घरपट्टीत 'स्टेडियम अधिभार' नावाची नवी ओळ आलीय. किराणावाला चिडला. मी त्याला सांगितलं की याला कर म्हणू नये, गुंतवणूक म्हणावं. तो म्हणाला, मग माझी तुम्ही भरा. मंडळाची बैठक तिथेच संपली.

५ ऑक्टोबर
स्टेडियमचा खर्च दुप्पट झाला असं पेपरात आलंय. गल्लीत हलकल्लोळ. मी शांत. खर्च दुप्पट म्हणजे फायदाही दुप्पट, गुणक तोच आहे. मुलीला हे सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मुलांना बापाचं कौतुक उशिरा कळतं.

पोट वाढलंय. मैदानावर चालायला जात होतो असं नाही, पण जाता येत होतं.

१ जानेवारी
नवी डायरी. संकल्प: १) चिडायचं नाही. २) व्हीआयपींशी बोलायच्या इंग्रजीचा सराव. ३) चालणे.

१२ जानेवारी
पहिला बूट विकला! स्टेडियमच्या साइटवरचा इंजिनीअर. खरेदीला सुरुवात वरच्या थरातून झाली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

१४ जानेवारी
इंजिनीअरने बूट परत आणले. सिमेंटमध्ये गेले. म्हणे, साइटवर घालायचे कॅनव्हासचे आहेत का? त्याला वाट दाखवली. ही त्याला गाठून घरी घेऊन गेली आणि पलंगाखालचा एक जोड विकून आली. मला पटलं नाही. ब्रँडचं नुकसान होतं.

९ मार्च
ही हल्ली सकाळी स्कूटरवर बॉक्स बांधून कालव्यापलीकडे जाते. तिथे एक मोकळं माळरान आहे, आपल्या मैदानावरची सगळी पोरं आता तिथे खेळतात. ही झाडाखाली चादर टाकून बूट विकते, रॅकेटी घेऊन येते, गटिंग करून परत देते. विरंगुळा म्हणून ठीक आहे. मी अडवलं नाही.

घरखर्च सध्या या विरंगुळ्यातून चालतो. तात्पुरतं.

३० ऑगस्ट
स्टेडियम सहा महिने लांबणीवर. मोठ्या कामांना वेळ लागतो. सायकलवाला दुकान विकून गेला. मी तेव्हाच म्हटलं होतं, असे लोक मागे राहतात.

२ जानेवारी
नवी डायरी घेतली नाही. जुनीत बरीच पानं शिल्लक आहेत.

१८ फेब्रुवारी, सकाळी
उद्घाटनाची मॅच! नवा शर्ट. सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं. एसी लावून ठेवला. गेट बरोबर दुकानासमोर. इतकं समोर, की व्हीआयपी गाडीतून उतरला तर माझ्याच पायरीवर पाय पडेल. टेलरमास्तरांना म्हटलं, बघा. ते म्हणाले, बघतोय.

१८ फेब्रुवारी, दुपारी
पोलीस आले. व्हीआयपी गेटसमोरची सगळी दुकानं सुरक्षेसाठी बंद. पाहुणे परत जाईपर्यंत शटर वर करायचं नाही. मी त्यांना सांगितलं की ही दुकानं व्हीआयपींसाठीच आहेत. ते म्हणाले, म्हणूनच.

साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "तुम्हीच तर मागितलं होतं की गेट."

गाड्या आल्या. काळ्या काचांच्या. एक काच थोडी खाली होती, ती गेटजवळ आल्यावर वर गेली. गाड्या आत गेल्या, नंतर बाहेर आल्या. शटरच्या फटीतून सगळं व्यवस्थित दिसलं.

१९ फेब्रुवारी
मुलगी मागच्या गल्लीत जाऊन आली. छत्रीवाल्याने टोप्या, पाणी, बसायच्या गाद्या, सगळं विकलं, माल संपल्यावर छत्र्याही विकल्या, ऊन होतं म्हणून. हे सांगताना ती हसली नाही. त्याचा मला जास्त त्रास झाला.

तरी अहवाल बरोबरच आहे. पैसा फिरतोय. फक्त अजून आमच्या गल्लीतून फिरायचाय.

११ एप्रिल
मॅचच्या दिवशी शटर बंद. गाण्याच्या कार्यक्रमाला बंद. साहेबांच्या सत्काराला बंद. उरलेल्या दिवशी उघडं, पण समोर उंच भिंत आणि कुलूप लावलेलं गेट, तिकडे कोण येणार? बूट पुसतो. सोफ्यावर बसून बघितलं, आरामशीर आहे.

किराणावाला गेला. जाताना मला भेटला नाही.

६ मे
अहवालाच्या शेवटी 'स्थानिकांना रोजगार' असं प्रकरण आहे. हे मी आधीच वाचायला हवं होतं. स्टेडियममध्ये सल्लागार पदासाठी अर्ज केला. अनुभव, अभ्यास, अध्यक्षपद, सगळं लिहिलं.

२० मे
नोकरी मिळाली. व्हीआयपी गेटवर, गार्ड. पद लहान वाटेल, पण आतून अभ्यास करण्याची संधी आहे. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही आता स्टेडियमच्या फायद्यांत मोजले जाल. मला बरं वाटलं. तिला अखेर विषय कळू लागलाय.

माझं काम असं की कार्यक्रमाच्या दिवशी समोरची दुकानं बंद आहेत ना, ते बघायचं.

हिने डबा दिला.

१४ जून
टेलरमास्तरांचं शटर आज कायमचं खाली. त्यांना विचारलं, आता? म्हणाले, कालव्यापलीकडे पोरांच्या जर्सी शिवतो. मी त्यांना शुभेच्छा दिल्या. मंडळात आता अध्यक्षच उरले.

३ जुलै
मॅच. सकाळी ड्युटीवर आलो तर गल्लीत एक शटर वर. माझंच.

आत ही होती आणि टेलरमास्तर. बाहेर टेम्पो. सोफा, शोकेस, मशीन, सगळं भरून झालं होतं. कालव्यापलीकडे हिने गाळा घेतलाय. मागच्या आठवड्यात सांगितलं होतं म्हणते. मी त्या वेळी गेटच्या वेळापत्रकाचा विचार करत असणार.

सासऱ्यांच्या हातची पाटी उतरवायची राहिली होती. ही स्टुलावर चढली. मला म्हणाली, "अहो, एक बाजू धरता का? जड आहे."

साहेबांची गाडी यायची वेळ झाली होती. ड्युटीवर असताना जागा सोडता येत नाही. हे मी हिला सांगितलं. ही "बरं" म्हणाली आणि टेलरमास्तरांनी पाटी धरली.

तेवढ्यात गाडी आली. सलाम केला. काच वर होती. मागे वळलो तेव्हा टेम्पो कोपऱ्यावर वळत होता आणि शटर खाली होतं. हिने स्वतःच ओढलं, मला सांगावं लागू नये म्हणून. खूप वाईट वाटलं. इतकं वाईट मला उद्घाटनाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुपारी सुपरवायझर फेरीला आला. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि माझं काम चोख आहे म्हणाला. आता इथे बंद करायला काही उरलेलं नाही, तेव्हा ही पोस्टच रद्द. युनिफॉर्म धुऊन परत करायचा.

संध्याकाळी
चालत कालव्यापलीकडे गेलो. लांब आहे. गाळ्यासमोर पोरांची ही गर्दी. ही मान खाली घालून गटिंग करत होती. मुलगी पैसे घेत होती. काळे-तपकिरी बूट कुठे दिसले नाहीत, विचारलंही नाही. मी दारात उभा राहिलो. ही म्हणाली, "आलात? ते बॉक्स उघडून जोड्या लावा. मापाप्रमाणे."

लावायला घेतल्या. मध्येच पाठ भरून आली म्हणून दारात जाऊन समोरचं माळरान पाहिलं. खूप मोठं आहे. सपाट. तिन्ही बाजूंनी रस्ता. इथे काय होऊ शकतं ते मला एका नजरेत दिसलं.

हिने मशीनवरून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पुढचा बॉक्स उघडला.